पुढच्यास ठेच: आद्य ख्रिस्ती लेखक शास्त्र कसं वाचत, हे समजून घेण्याची वाट

ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती बिशपाचं १३६व्या स्तोत्रावरचं प्रवचन घेऊन मी दोन संध्याकाळ बसलो होतो. शेजारी मराठी बायबल उघडं, त्यातही १३६वं स्तोत्र. बायबलमध्ये ओळीओळीला 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद, आणि ऑगस्टीन बोलतोय बाबेलच्या नद्यांबद्दल, झाडांना टांगलेल्या वीणांबद्दल, परक्या मुलुखात गाणं कसं म्हणायचं याबद्दल. मी वहीत लिहून ठेवलं, 'काय ही कल्पनेची भरारी!' तिसऱ्या दिवशी उलगडलं की भरारीबिरारी काही नव्हती. त्याचं १३६वं स्तोत्र म्हणजे आपलं १३७वं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पहिल्या चार-पाच शतकांतले ख्रिस्ती लेखक जुना आणि नवा करार कसे वाचत, हे ज्यांना स्वतः मूळ ग्रंथ उघडून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी माझ्या ठेचा इथे क्रमाने लावून ठेवतो. तुम्ही ख्रिस्ती असण्याची गरज नाही, धर्मशास्त्राची पदवीही नको. वेळ मात्र लागेल.

## सोबत काय हवं

- मराठी बायबल. शक्य असेल तर कॅथलिक आवृत्ती. तोबीत, ज्ञानग्रंथ, बेन सिराखचा ग्रंथ ही पुस्तकं प्रॉटेस्टंट आवृत्तीत नसतात, आणि हे लेखक ती सर्रास शास्त्र म्हणून उद्धृत करतात. ओळ सापडत नाही म्हणून तासभर शोधत बसाल.
- सेप्टुअजिंटचं इंग्रजी भाषांतर. म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर. का हवं, ते पहिल्या पायरीत.
- लेखकांचे ग्रंथ. एकोणिसाव्या शतकातली 'अँटी-नायसिन फादर्स' आणि 'नायसिन अँड पोस्ट-नायसिन फादर्स' ही ३८ खंडांची इंग्रजी मालिका इंटरनेटवर फुकट मिळते. भाषा जुनाट आहे. काही ठिकाणी भाषांतरकारांना संकोचही वाटला: अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटचं लग्न आणि शरीरसंबंधांबद्दलचं एक अख्खं पुस्तक त्यांनी इंग्रजीऐवजी लॅटिनमध्येच छापलं आहे! नवी भाषांतरं ग्रंथालयात मिळाली तर तीच घ्या.
- एक वही. खरंच. मोबाइलवरच्या नोंदी मी तीनदा हरवल्या.

## १. त्यांच्या हातात कोणतं बायबल होतं ते आधी बघा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाकडं जातं.

आपलं मराठी बायबल जुन्या करारासाठी इब्री (हिब्रू) मूळ धरून चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांपैकी इब्री येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या हातात इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकापासून आकाराला आलेलं ग्रीक भाषांतर असे, किंवा त्याच्यावरून केलेलं लॅटिन. ग्रीकमध्ये ९वं आणि १०वं स्तोत्र एकच धरलंय, त्यामुळे आकडे सरकतात. व्यवहारापुरता नियम असा: आपल्या ११ ते ११३ आणि ११७ ते १४६ या स्तोत्रांतून एक वजा करा, त्यांचा आकडा मिळेल. मधल्या आणि शेवटच्या दोन-तीन ठिकाणी स्तोत्रं जोडली-तोडली आहेत. तिथे आकड्यावर न जाता पहिली ओळ जुळवून घ्या.

आकडे हा सोपा भाग. शब्दही बदलतात. यशया ७:१४ मध्ये इब्री शब्द आहे 'अल्मा', तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आलं, कुमारी. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेला संवाद लिहिला, त्यात या एका शब्दावर पानंच्या पानं वाद आहे. दोघंही एकाच वचनाबद्दल बोलताहेत असं आपल्याला वाटतं; प्रत्यक्षात एकाच्या मनात एक मजकूर आहे आणि दुसऱ्याच्या मनात दुसरा.

हे फक्त पंडितांचे वाद होते असं समजू नका. बेथलेहेममध्ये राहून जेरोम या विद्वान भाषांतरकाराने जुना करार थेट इब्रीवरून लॅटिनमध्ये आणला. योना या संदेष्ट्याच्या डोक्यावर सावली धरणारं झुडूप जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल होतं, जेरोमने तिथे 'आयव्ही' नावाची दुसरी वेल घातली. आजच्या लिबियातलं त्रिपोली, त्या काळचं ओएआ, तिथल्या बिशपांनी हे नवं भाषांतर चर्चमध्ये वाचायला लावलं, आणि लोक खवळले. पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेला शब्द कुठे गेला? शेवटी आपल्याजवळ माणूस उरणार नाही या भीतीने बिशपांना शब्द मागे घ्यावा लागला. हा किस्सा ऑगस्टीननेच ४०३ साली जेरोमला पत्रात कळवला, आणि त्यात काळजी जितकी आहे तितकाच चिमटाही आहे.

सापळा: 'यहुद्यांनी शास्त्रातून अमुक शब्द काढून टाकले' असा आरोप वाचलात की लगेच मान डोलवू नका. जस्टिन म्हणतो की '(परमेश्वर) लाकडावरून राज्य करतो' या स्तोत्रातल्या ओळीतलं 'लाकडावरून' यहुद्यांनी गाळलं. आपल्या ९६व्या स्तोत्रातली ही ओळ. ते शब्द इब्रीत नव्हतेच. क्रूसाच्या ओढीने ते ख्रिस्ती प्रतींमध्ये शिरले. जस्टिन खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातातली प्रतच तशी होती.

## २. लेखकाला ठेच कुठे लागली ते शोधा

मला पहिली दोन वर्षं वाटायचं की ही मंडळी मनाला येईल तसा अर्थ लावतात. मग एक सवय लावून घेतली: विचित्र अर्थ दिसला की आधी मूळ उताऱ्यात जायचं आणि विचारायचं, इथे काय खटकण्यासारखं आहे? दहातल्या आठ वेळा काहीतरी सापडतं.

ही युक्ती माझी नव्हे. ओरिजेन (सुमारे १८५ ते २५४; आधी अलेक्झांड्रिया, मग कैसरिया) आपल्या 'मूलतत्त्वांविषयी' या ग्रंथाच्या चौथ्या पुस्तकात उघडच सांगतो की देवाने शास्त्रात मुद्दाम ठेचा पेरून ठेवल्यात. वाचणारा गुळगुळीत गोष्टीवरून घसरत पुढे जाऊ नये, थांबावा, खाली खणावं म्हणून. मग तो उदाहरणं देतो, आणि ती वाचताना हा माणूस अठराशे वर्षांपूर्वीचा वाटत नाही. सूर्य-चंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा उजाडला? देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली असं कोण मानेल? सैतानाने येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवली, पण कुठल्या डोंगरावरून इराणी, शक, भारतीय आणि पार्थियन अशी सगळी राज्यं डोळ्यांनी दिसतील? (हो, भारतीय. आपलं नाव या यादीत बघून मी उगीचच सुखावलो होतो.) 'उजव्या गालावर मारलं तर' हे वाक्यही त्याला खटकतं: उजव्या हाताने मारणाऱ्याचा फटका समोरच्याच्या डाव्या गालावर बसेल ना?

त्याचं म्हणणं, माणसाला जसं शरीर, जीव आणि आत्मा, तसंच शास्त्राला. शब्दशः अर्थ हे शरीर. काही जागी शरीर उभंच राहत नाही, तिथे आतला अर्थ शोधणं भाग आहे.

सापळा: यावरून 'ओरिजेन इतिहास मानतच नाही' असा निष्कर्ष काढतात. त्याच पुस्तकात, थोडं पुढे, तो म्हणतो की शब्दशः खरी असलेली वचनं निव्वळ आध्यात्मिक वचनांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शिवाय याच माणसाने इब्री मजकूर आणि ग्रीक भाषांतरं सहा रकान्यांत शेजारी-शेजारी मांडण्याचा प्रचंड उद्योग केला. ज्याला अक्षराची पर्वा नाही तो असली हमाली करत नाही.

ठेच नेहमी तर्काचीच असते असं नाही. नीतीची असते, आणि ती जास्त दुखते. १३७व्या स्तोत्राच्या शेवटी बाबेलची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. ओरिजेन आणि ऑगस्टीन दोघंही सांगतात की बाळं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार. ते मोठे होण्याआधीच आपटा. खडक कोण, तर ख्रिस्त, कारण पौलाने (नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक) करिंथकरांना तसं लिहिलंय. निस्साचा ग्रेगरी हा लेखक मोशेच्या चरित्रावर लिहिताना, देवाने मारलेल्या मिसरच्या प्रथमजात मुलांपाशी अडतो आणि सरळ विचारतो, पाप बापाचं, शिक्षा तान्ह्या मुलाला, यात न्याय कुठे? त्याचं उत्तर याच वळणाचं आहे, पाप कोवळं असतानाच संपवावं. उत्तर मला पूर्ण पटत नाही, कारण मेलेली मुलं गोष्टीत तशीच राहतात. पण प्रश्न त्याने दडपला नाही, ही गोष्ट उत्तराइतकीच वहीत नोंदवण्यासारखी आहे.

## ३. प्रतिरूप आणि रूपक यांची सरमिसळ करू नका (फार काटेकोरही राहू नका)

एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो काम-क्रोधाचा विंचू असतो. खरा विंचू कुणाला चावला होता का, हे आपण विचारत नाही. रूपक साधारण असं चालतं. प्रतिरूपात मात्र जुनी घटना खरोखर घडली असं धरलेलं असतं, आणि तिच्यात पुढच्या घटनेचा आराखडा पाहिलेला असतो. पौल रोमकरांच्या पत्रात आदामाला येणाऱ्याचं प्रतिरूप म्हणतो, ते असं.

हे सर्वांत छान समजावलंय सार्दीसच्या मेलितोने, दुसऱ्या शतकात, वल्हांडणाच्या (मिसरमधून सुटकेची आठवण करणारा यहुदी सण) प्रवचनात. शिल्पकार आधी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करतो. इमारत उभी राहीपर्यंत नमुना मोलाचा. उभी राहिली की त्याचं काम संपलं. वल्हांडणाचं कोकरू हा नमुना, ख्रिस्त ही इमारत. दृष्टांत देखणा आहे. पण ज्यांच्या घरात तो सण अजून जिवंत आहे, त्यांना 'तुमचं काम संपलं' असं सांगणारा आहे, हे विसरू नका. सातव्या पायरीवर त्याकडे यायचंच आहे.

जुन्या कराराकडे नव्याची वाट पाहणारा म्हणून बघण्याची ही रीत मराठीतही पोचली. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, त्याचे दोन भाग 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण' असे आहेत.

आता कंसातली सूचना. प्राचीन लेखक स्वतः हे दोन शब्द काटेकोरपणे वापरत नाहीत. गलतीकरांच्या पत्रात पौल हागार आणि सारा (अब्राहामाची दासी आणि पत्नी) यांच्या गोष्टीला रूपकाचंच क्रियापद लावतो. त्यावरून पुढे मोठी जुंपली: अंत्युखिया या सिरियातल्या शहराच्या परंपरेतला, मोप्सुएस्तियाचा थिओडोर बजावतो की पौलाने इतिहास पुसला नाही, तुलना केली, आणि रूपकवाल्यांनी त्याच्या आड लपू नये. पाठ्यपुस्तकं यावरून 'अलेक्झांड्रिया रूपकवादी, अंत्युखिया इतिहासवादी' असे दोन कप्पे करून देतात. परीक्षेपुरते ठीक आहेत. प्रत्यक्ष वाचायला लागलात की दोन्हीकडची माणसं सारखी कप्पे ओलांडताना दिसतील.

आणि एक गंमत. 'बर्णबाचं पत्र' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या लेखनात अब्रामाच्या ३१८ माणसांचा (उत्पत्ती १४) अर्थ असा लावलाय: ग्रीकमध्ये आकडे अक्षरांनी लिहीत. १० म्हणजे आयोटा, ८ म्हणजे ईटा, ही 'येसूस' या नावाची पहिली दोन अक्षरं. ३०० म्हणजे ताउ, त्याचा आकार क्रूसासारखा. म्हणून ३१८ म्हणजे क्रूसावरचा येशू! ग्रीक अक्षरांचा हा खेळ इब्रीत लिहिलेल्या गोष्टीवर खेळलाय याची लेखकाला फिकीर नाही. उलट यापेक्षा अस्सल शिकवण आपल्याकडून कुणी ऐकली नाही, असं तो अभिमानाने सांगतो. हसा, पण पहिली पायरी आठवा. शास्त्र म्हणजे त्याच्या लेखी ग्रीक शास्त्रच.

## ४. एकच उतारा दोन-तीन लेखकांकडे वाचा

पहिला सराव म्हणून लूक १०:२५-३७, चांगला शोमरोनी. येशूचा दृष्टांत: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्याला लुटारू अर्धमेला करून टाकतात, याजक आणि लेवी बघून पुढे जातात, आणि परका मानला गेलेला शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो. मी सुरुवात इथून केली असती तर निम्मा वेळ वाचला असता.

ओरिजेनचं लूकवरचं ३४वं प्रवचन काढा. तो 'वडीलधाऱ्यांपैकी एकाने' सांगितलेला अर्थ देतो: वाटेवरचा माणूस आदाम, यरुशलेम नंदनवन, यरीहो हे जग, लुटारू म्हणजे शत्रुशक्ती, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च, दोन नाणी म्हणजे पिता आणि पुत्र, 'मी परत येईन' म्हणजे पुनरागमन.

आता ठेच शोधा. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त कसा? ओरिजेन कारण देतो. योहान ८:४८ मध्ये लोक येशूला म्हणतात, तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागलंय. येशू भुताचं नाकारतो, शोमरोनी असण्याबद्दल काहीच बोलत नाही. शिवाय त्या शब्दाचा अर्थ 'राखण करणारा' असा समजला जाई. पटो न पटो, साखळी आहे. शास्त्राची एक जागा दुसऱ्या जागेने उघडायची.

मग ऑगस्टीन. तो हाच सांगाडा घेतो पण तपशील फिरवतो. यरीहो म्हणजे चंद्र, कलेकलेने वाढणारा आणि घटणारा, म्हणून मर्त्यपणा. उतारशाळेचा मालक म्हणजे पौल. दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. बघा, दोन नाण्यांचं पिता-पुत्र झालं तेही चाललं, दोन आज्ञा झाल्या तेही चाललं. तपशील बदलायला मोकळीक होती. आणि हाच ऑगस्टीन 'ख्रिस्ती शिकवणीविषयी' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात हाच दृष्टांत अगदी सरळ वापरतो: शेजारी कोण? ज्याला दयेची गरज आहे तो, मग कुणीही असो. एका अर्थाने दुसरा रद्द होत नव्हता.

शेवटी क्रिसोस्टोम, अंत्युखियाचा प्रवचनकार. मत्तयवरच्या प्रवचनांत तो सांगतो की दृष्टांतातला शब्दन्‌शब्द उकरत बसू नका. तो कशासाठी सांगितला ते घ्या आणि पुढे चला. मी हे वाचलं तेव्हा हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

## ५. चार अर्थांची चौकट लगेच लावू नका

कुठेतरी तुम्हाला चार अर्थ भेटतीलच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कासियानने ते यरुशलेमवरून समजावलेत: इतिहासाने यहुद्यांचं नगर, रूपकाने चर्च, नीतीने माणसाचा जीव, आणि परमार्थाने स्वर्गातलं नगर. पाठ करायला सोपं, म्हणूनच धोक्याचं. मध्ययुगात ही चौकट पक्की झाली. आधीच्या लेखकांकडे कधी दोन अर्थ असतात, कधी तीन, आणि कधी प्रवचन संपेपर्यंत सुचतील तितके.

## ६. कुंपण कुठे होतं ते बघा

इतकी मोकळीक, तर मग काहीही चालत होतं का? नाही. ल्योंचा बिशप आयरेनियस सुमारे १८० साली लिहितो: कसबी कारागिराने रत्नांचे तुकडे जोडून राजाचं चित्र केलं. दुसऱ्याने तीच रत्नं सुटी करून त्यांचा कोल्हा केला, आणि तोही बेढब, आणि म्हणू लागला की हाच तो राजा. रत्नं अस्सलच आहेत, म्हणून भोळी माणसं फसतात. त्याचा रोख व्हॅलेंटिनस या गुरूच्या अनुयायांवर होता, ज्यांना तो पाखंडी मानत असे. राजाचं मूळ चित्र कसं ओळखायचं? तर बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या श्रद्धेच्या सूत्रावरून: एक देव, त्याचा पुत्र देहधारी झाला, पवित्र आत्मा संदेष्ट्यांतून बोलला. रूपक करा, पण चित्र राजाचंच निघालं पाहिजे.

ऑगस्टीनचं कुंपण वेगळ्या लाकडाचं आहे. ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र कळलेलंच नाही. आणि लेखकाच्या मनातला अर्थ चुकला पण प्रीती वाढली तर? तो वाट सोडून शेतातून गेलेल्या माणसासारखा. पोचला त्याच गावाला. तरीही त्याला वाट दाखवावी, ऑगस्टीन लगेच जोडतो, नाहीतर आडवाटेची सवय लागून एखाद्या दिवशी भलत्याच गावी जाईल. हे दुसरं वाक्य गाळून पहिलंच उद्धृत करणारे फार भेटतात.

## ७. कडू पानं वगळू नका

मेलितोच्या त्याच सुंदर प्रवचनात देवाच्या हत्येचा आरोप सगळ्या इस्राएलावर ठेवलाय. क्रिसोस्टोमने ३८६-३८७ मध्ये अंत्युखियात यहुद्यांविरुद्ध, खरं तर सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना दरडावण्यासाठी, जी प्रवचनं दिली ती वाचताना अंगावर काटा येतो. त्या शब्दांचा पुढे यहुद्यांच्या छळासाठी वापर झाला. 'तेव्हाची भाषणाची पद्धतच तशी होती' हे खरं आहे, आणि तेवढ्याने भागत नाही. वहीत या पानांचीही नोंद ठेवा. 'जुन्याचं काम संपलं' ही वाचनपद्धती माणसांच्या बाबतीत काय करते, ते इथे दिसतं.

## ८. वाचनाचा क्रम

लूकवरचं ओरिजेनचं ३४वं प्रवचन, छोटंसं आहे. मग मेलितो. मग 'मूलतत्त्वांविषयी', फक्त चौथं पुस्तक. याचा मोठा भाग मूळ ग्रीकमध्ये टिकला; बाकीच्या ग्रंथासाठी बव्हंशी रुफिनसच्या लॅटिन भाषांतरावर अवलंबून राहावं लागतं, आणि आपण अवघड जागा सावरून घेतल्या हे रुफिनस स्वतःच कबूल करतो. त्यानंतर ऑगस्टीनचं 'ख्रिस्ती शिकवणीविषयी', पहिलं आणि तिसरं पुस्तक. तिसऱ्यात तिकोनियसचे सात नियम आहेत. तिकोनियस विरोधी पंथातला, दोनातवादी, तरी ऑगस्टीनने ते उचलून समजावले.

ग्रीक-लॅटिनचा कंटाळा आला की एफ्रेम काढा (मृत्यू ३७३). हा सिरियाकमध्ये लिहिणारा, व्याख्येपेक्षा गीतं जास्त. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती उपासनेत त्याच्या नावावरच्या प्रार्थना आजही म्हटल्या जातात. शास्त्र संपत का नाही, यावर त्याचं उत्तर: तहानलेला पाणी पिऊन खूश होतो, झरा आटवता आला नाही म्हणून रडत बसत नाही.

सापळा: एकेका वचनाखाली पाच-सात लेखकांचे तुकडे लावलेली संकलनं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'ऑगस्टीन म्हणतो' छापाची वाक्यं. संदर्भ नसेल तर सोडून द्या. असेल, तर पुस्तक-प्रकरण-परिच्छेद काढून मागची-पुढची दोन पानं वाचा. जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत परिच्छेदांचे आकडे वेगळे असतात. ओरिजेनच्या चौथ्या पुस्तकात तर हमखास.

वहीत चार रकाने पुरतात: उतारा, त्यांच्या भाषांतरातला वेगळा शब्द, ठेच, आणि कोणत्या दुसऱ्या वचनाने उघडलं.

आता निर्गम १५:२२-२७ उघडा. कडू पाणी, त्यात टाकलेलं लाकूड, पाणी गोड. मग एलीममध्ये १२ झरे आणि खजुरीची ७० झाडं. लेखकांकडे जाण्याआधी रकाने स्वतः भरा. लाकूड तुम्हाला आता जमेल. १२ पण जमतील. ७० साठी लूकच्या १०व्या अध्यायाचं पहिलं वचन बघा, आणि तुमच्या बायबलमध्ये तिथे ७२ छापलं असेल, तर पहिल्या पायरीवर परत या.